जिन्यातला बल्ब नक्की कुणाचा? शहराचा नकाशा आणि आपलं वागणं

नवीन बाग उघडते, फीत कापली जाते, फोटो येतात आणि तीन आठवड्यांत त्याच बागेतल्या तुटलेल्या झोपाळ्याचा व्हिडिओ फिरायला लागतो. खालच्या कमेंट ठरलेल्या. "आपल्या लोकांची लायकीच नाही", "यांना काही चांगलं देऊच नका", "दोन रट्टे द्या म्हणजे सुधारतील". गंमत म्हणजे असल्या कमेंट जगातल्या बहुतेक भाषांत सापडतात, प्रत्येकाला वाटतं असले नग फक्त आपल्याच वाट्याला आलेत.

मला मात्र दुसराच प्रश्न छळतो. झोपाळा मोडणारं ते पोरगं स्वतःच्या घरातली खुर्ची मोडत नाही, मित्राच्या घरी गेलं तर तिथलीही मोडत नाही, आणि बागेत आलं की त्याला काय होतं? पोरगं तर तेच आहे ना. मग बदललं काय तर जागा. आणि जागा कशी असणार हे कुणीतरी कागदावर आधी ठरवलेलं असतं, त्यालाच नगररचना म्हणायचं. रस्ता कुठून जाणार, दार कुठल्या बाजूला उघडणार, किती घरांत मिळून एक जिना, बागेला गेट किती, हे सगळं त्यात आलं. शब्द भारी आहे पण गोष्ट एवढीच.

सुरुवात जिन्यापासून करू

आमच्या इमारतीत प्रत्येक मजल्यावर दोनच दारं. त्या दोन दारांसमोरच्या मोकळ्या जागेतला बल्ब गेला की संध्याकाळपर्यंत नवीन लागलेला असतो, कधी मी लावते कधी समोरचे, ह्यावर आमची आजपर्यंत एकदाही चर्चा झालेली नाही. तळमजल्याच्या पॅसेजमधला बल्ब मात्र मध्यंतरी दीड महिना बंद होता. सगळी इमारत तिथून मोबाईलचा टॉर्च लावून जात होती, एक बाई तर पिशवी दातात धरून टॉर्च लावताना मी बघितली. आणि कबूल करायला लाज वाटते पण त्या दीड महिन्यात माझ्या घरात एक जादाचा बल्ब खोक्यात पडून होता. आणून लावायला किती वेळ लागला असता? दोन मिनिटं. पण डोक्यात आलंच नाही, कारण तो "सगळ्यांचा" बल्ब होता.

म्हणजे बघा, मी काही मजल्यागणिक संस्कारी आणि बेशिस्त होत नव्हते. फरक वाटेकऱ्यांच्या संख्येचा होता.

दोन घरं, वीस घरं, दीडशे घरं

हीच गोष्ट पार मोठ्या आकारात अमेरिकेतल्या सेंट लुइस शहरात घडली. प्रुइट-आयगो नावाची सरकारी वसाहत, १९५० च्या दशकात बांधलेली, अकरा मजल्यांच्या ३३ इमारती, जवळपास २,८७० घरं. आर्किटेक्ट मिनोरू यामासाकी, म्हणजे ज्याने पुढे न्यूयॉर्कचे जुळे टॉवर डिझाइन केले तोच. कागदावर झकास होतं सगळं, इमारतींमध्ये झाडं, हिरवळ, आणि लोक एकमेकांना भेटावेत म्हणून लांबलचक सामायिक गॅलऱ्या. लिफ्ट दर तिसऱ्या मजल्यावरच थांबायची, उरलेले मजले जिन्याने चढायचे, त्यात पैसे पण वाचले आणि म्हणे शेजार पण वाढणार होता.

झालं उलटंच. गॅलऱ्यांमधल्या काचा फुटल्या, लिफ्टचा संडास झाला, जिन्यांत लुटालूट व्हायला लागली, लोक सोडून जायला लागले. १९७२ मध्ये सुरुंग लावून पहिल्या इमारती पाडल्या आणि १९७६ पर्यंत अख्खी वसाहत जमीनदोस्त झाली. बांधून जेमतेम वीस वर्षं झाली होती.

त्याच शहरात शिकवणारा ऑस्कर न्यूमन नावाचा आर्किटेक्ट तिथे जाऊन बघायचा, आणि त्याला एक गोष्ट खटकली. बाहेर उकिरडा, पण ज्या घरांत त्याला बोलावलं गेलं ती घरं आतून नीटनेटकी, सामान साधंच पण जपलेलं. मग त्याने मधल्या जागा बघितल्या. दारासमोरची जी जागा फक्त दोन कुटुंबांत होती ती स्वच्छ. वीस कुटुंबांत मिळून होता तो कॉरिडॉर बेकार. दीडशे कुटुंबांत मिळून असलेली लॉबी, लिफ्ट, जिने म्हणजे तर विचारूच नका. माणसं तीच, उत्पन्न तेच, इमारत पण तीच. आणि रस्ता ओलांडून पलीकडे कार स्क्वेअर म्हणून ठेंगण्या घरांची जुनी वस्ती होती, तिथे राहणारे लोकही साधारण त्याच परिस्थितीतले, ती वस्ती ह्या सगळ्या काळात ठीकठाक चालू होती.

वाटेकरी वाढले की माणूस सुस्त का होतो ह्यावर एक प्रयोग आहे, १९६८ चा, डार्ली आणि लाताने ह्या दोन मानसशास्त्रज्ञांचा. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर गप्पा मारायला लावलं आणि मध्येच पलीकडच्या एकाला फिट आल्याचा आवाज ऐकवला. ऐकणारे आपण एकटेच आहोत असं ज्यांना वाटत होतं त्यांच्यातले ८५ टक्के लगेच मदतीला उठले. आणखी एकजण ऐकतोय असं वाटलं तर ६२ टक्के. आणखी चौघं ऐकतायत म्हटल्यावर ३१ टक्के. फिट आलेल्या माणसाच्या बाबतीत हे होतं तर बल्बची काय कथा.

कुंपणाची गोष्ट

प्रुइट-आयगोमध्येच आणखी एक मजेशीर प्रकार झाला होता. एका इमारतीच्या बाजूला मुलांना खेळायला जागा बनवायचं काम निघालं, सामान चोरीला जाऊ नये म्हणून कंत्राटी कामाच्या वेळी त्या इमारतीभोवती जाळीचं कुंपण घातलं. तात्पुरतंच होतं. पण काम संपल्यावर रहिवासी म्हणाले काढू नका, राहू द्या. का तर आता आत कोण येतं कोण जातं हे कळत होतं. त्या इमारतीतली तोडफोड घटली, लोक स्वतःहून झाडलोट करायला लागले, बाकी वसाहत ओस पडत असताना तिथली घरं भरलेली राहिली.

ह्यावरून न्यूमनने एक कल्पना मांडली, तिला मराठीत आपण "राखता येणारी जागा" म्हणू. म्हणजे अशी जागा की जिच्याकडे बघून कळतं ही कुणाची, जिच्यावर तिथल्या लोकांची सहज नजर राहते, आणि नको ते घडत असेल तर "काय रे, काय चाललंय" असं विचारायचा हक्क आपल्याला आहे असं वाटतं. तो हक्क वाटणं फार महत्त्वाचं आहे. स्वतःच्या अंगणात कुणी कचरा टाकला तर आपण ओरडतो, चौकात टाकला तर मान वळवून पुढे जातो.

पुढे त्याने न्यूयॉर्कमधल्या क्लेसन पॉइंट नावाच्या वस्तीत हे करून बघितलं. ठेंगणी दुमजली घरं, मध्ये सगळ्यांची म्हणून मोकळी जमीन, तिथे ना गवत ना माणूस. त्याने त्या जमिनीचा बहुतेक भाग छोटी कुंपणं घालून एकेका घराला जोडून टाकला, भिंतींना रहिवाशांनी निवडलेले रंग दिले. नवीन पोलीस नाही, लोकांची बदली नाही. लोकांनी आपापल्या तुकड्यात गवत लावलं, फुलझाडं लावली, आणि कुंपणाबाहेरचा रस्ताही झाडायला लागले, जो त्यांना कुणी दिलाच नव्हता.

बघणारं कुणी आहे का

दुसरी गोष्ट म्हणजे नजर. पत्रकार आणि कार्यकर्त्या जेन जेकब्ज ह्यांनी १९६१ मध्येच लिहून ठेवलंय की रस्ता सुरक्षित ठेवतात ते मुख्यतः रस्त्यावरचे डोळे, पोलीस नंतर. दुकानदार, खिडकीत बसलेली म्हातारी, दारात गप्पा मारणारे. हे डोळे फुकट असतात पण ते आपोआप येत नाहीत, खिडक्या रस्त्याकडे असाव्या लागतात, तळमजल्यावर काहीतरी चालू असावं लागतं. एका बाजूला लांबच्या लांब कंपाउंड वॉल आणि दुसऱ्या बाजूला तीन मजले पार्किंग असा रस्ता आखला की तिथे डोळा एकही नाही, मग तिथला बसस्टॉप फुटणारच, फुटला नाही तरच नवल.

न्यूयॉर्कचं ब्रायंट पार्क हे ह्याचं माझं आवडतं उदाहरण. १९७० च्या दशकात तिथे ड्रग विकणारे बसायचे, साधी माणसं लांबूनच जायची. आता आपल्याला वाटेल की उपाय म्हणजे भिंत उंच करा, गेटं बंद करा. विल्यम व्हाइट नावाचा अभ्यासक, जो वर्षानुवर्षं लोक सार्वजनिक जागेत कसे बसतात ह्याचंच शूटिंग करत होता, त्याने बरोब्बर उलटं सांगितलं. पार्क रस्त्यापेक्षा उंचावर, भोवती कुंपण आणि दाट झुडपं, आत यायला वाटा कमी, त्यामुळे आत काय चाललंय ते बाहेरून दिसत नाही, म्हणूनच ते नको त्या लोकांना सोयीचं झालंय. मग झुडपं काढली, वाटा वाढवल्या, आणि १९९२ मध्ये पार्क पुन्हा सुरू झालं तेव्हा त्यात शेकडो सुट्या खुर्च्या ठेवल्या. सुट्या! साखळी नाही, बोल्ट नाही, कुणीही उचलून सावलीत न्यावी. सगळे म्हणाले असणार की आठवड्यात गायब होतील. त्या खुर्च्या आजही तिथे आहेत. पार्क माणसांनी भरलेलं असतं, खुर्ची डोक्यावर घेऊन जाणारा सगळ्यांना दिसतो.

एक काच फुटली की

तिसरी गोष्ट दुरुस्तीची. नेदरलँड्समधल्या ग्रोनिंगन शहरात संशोधकांनी सायकली लावायच्या एका गल्लीत प्रत्येक सायकलच्या हँडलला एक फालतू पत्रक अडकवलं, जवळ कचऱ्याचा डबा नाही. भिंत स्वच्छ होती तेव्हा ३३ टक्के लोकांनी ते पत्रक जमिनीवर टाकलं. त्याच भिंतीवर रंगाने गिरगोटलं तेव्हा ६९ टक्के लोकांनी. दुप्पट! आणि पुढचा प्रयोग तर भारी आहे, टपालपेटीतून अर्धवट बाहेर आलेलं पाकीट, त्यात पाच युरोची नोट दिसतेय. पेटी स्वच्छ असताना १३ टक्के लोकांनी ते पळवलं, पेटीवर गिरगोटलेलं असताना २७ टक्के. हे २००८ मध्ये छापून आलं. भिंतीवरच्या रेघोट्यांचा आणि चोरीचा काय संबंध? संबंध एवढाच की घाण जागा सांगते, इथे कुणी लक्ष देत नाही, चालतंय. ह्यालाच "फुटक्या काचेची" कल्पना म्हणतात, एक काच फुटकी राहिली की बाकीच्याही फुटतात.

न्यूयॉर्कच्या मेट्रोने हे ह्या प्रयोगाच्या कितीतरी आधी फार हुशारीने वापरलं होतं. १९८४ पासून त्यांनी नियमच केला की एक डबा एकदा स्वच्छ झाला की पुन्हा रंगवलेल्या अवस्थेत तो रुळावर जाणार नाही, कुणी रंगवला तर आधी पुसायचा मग गाडीला जोडायचा. रात्रभर जागून चित्र काढणाऱ्या पोरांना मजा काय होती, आपलं नाव शहरभर फिरताना बघायची. तीच काढून घेतली. १२ मे १९८९ ला शेवटचा रंगवलेला डबा सेवेतून गेला.

ह्याच "फुटक्या काचेच्या" कल्पनेवरून पुढे काही शहरांनी बारीकसारीक गोष्टींवरून गरीब पोरांना उचलायचा सपाटा लावला, त्यावर खूप टीका झाली आणि ती योग्यच होती. फुटलेली काच बदलायची होती, तिच्याजवळ उभ्या असलेल्या पोराला धरायचं नव्हतं.

वस्तू पण बोलतात

लोखंडी पिंजऱ्यातला बल्ब बघितलाय? तो काय सांगतो, "तुम्ही मला फोडणार हे आम्हाला माहितीये". बारा-तेरा वर्षांच्या पोराला हे आव्हान वाटलं तर त्याचं काय चुकलं. ज्या जागेत सगळंच तुरुंगासारखं मजबूत, फरशी लावलेल्या भिंती, काँक्रीटचे बाक, तिथे माणूस पण कैद्यासारखाच वागतो असं माझं मत आहे.

किंवा बागेतली ती पायवाट घ्या. आखलेला रस्ता काटकोनात वळतो आणि गवतातून तिरकी मातीची वाट पडलेली असते, "गवतावरून चालू नये" पाटीच्या अगदी शेजारून. ह्यात बेशिस्त कुणाची? हजार माणसं रोज एकच चूक करत असतील तर चूक आखणाऱ्याची धरा आणि तिथे फरशा टाका. कचऱ्याच्या डब्याचंही तेच, डबा कचरा तयार होतो तिथे पाहिजे, जिथे गाडीला उचलायला सोपा तिथे नाही.

"हे सगळे बहाणे आहेत, लोकच नालायक"

हा आक्षेप येणार माहितीये. मग कोलंबियातलं मेदेयिन घ्या. १९९० च्या आसपास जगातल्या सगळ्यात हिंसक शहरांत त्याची गणती व्हायची. तिथे १९९५ मध्ये मेट्रो सुरू झाली आणि ती कमालीची स्वच्छ राहिली. कशी? मेट्रो यायच्या कितीतरी आधीपासून लोकांशी बोलणं चालू केलं होतं की ही तुमची आहे, अशी वापरायची. आणि नुसतं बोलले नाहीत, २००४ मध्ये डोंगरावरच्या गरीब वस्त्यांपर्यंत केबल कार नेली, म्हणजे ज्यांना आजवर शहराने काहीच दिलं नव्हतं त्यांच्या दारात चांगली वस्तू आणून ठेवली. तीच माणसं, तेच शहर.

उलट बाजूने कुणी टोकियोचं नाव काढेल, की १९९५ च्या सारिन वायू हल्ल्यानंतर तिथल्या स्टेशनांवरचे कचऱ्याचे डबे काढले तरी शहर चकाचक, मग डिझाइनचं काय घेऊन बसलात? मुद्दा बरोबर आहे. तिथे मुलं शाळेत स्वतः वर्ग झाडतात, सवय लहानपणापासून लागते. सवय नकाशापेक्षा जबरदस्त असते हे मी मान्य करते. पण सवय लागायला पिढी जाते आणि डबा ठेवायला एक दुपार, तेव्हा पिढी घडेपर्यंत डबा ठेवायला काय हरकत आहे.

"कॅमेरे लावा, दंड करा, विषय संपला"

लावा की. पण कॅमेरा "काय रे" म्हणत नाही. तो फक्त नंतर दाखवतो की बाक कुणी मोडला, तोपर्यंत बाक मोडलेला असतो. दंडाला माणूस लागतो, आणि तो माणूस घरी गेला की दंडही घरी जातो.

"मग काय सगळीकडे कुंपणच घालायचं?"

हा आक्षेप मला सगळ्यात अवघड वाटतो. कारण न्यूमनचं अर्धवट ऐकलं की नेमकं हेच होतं, ज्याला परवडतं तो गेट लावतो, आत हिरवळ, आणि त्या भिंतीबाहेरच्या रस्त्यावर आता एकही डोळा नाही, तो रस्ता आणखी बेवारस. कुंपणाने राखायचं काम संपत नाही, ते फक्त पलीकडे ढकललं जातं. तसंच ते बाक, मध्ये लोखंडी दांडे घातलेले, कुणी बेघर माणूस आडवा होऊ नये म्हणून. त्यावर दुखऱ्या कमरेची आजीही धड बसू शकत नाही आणि बेघर माणूस काही घरी जात नाही, दुसऱ्या फुटपाथवर जातो.

म्हणून कुंपण घालायचंच तर ते गुडघ्या-कमरेएवढं असावं असं मला वाटतं. पलीकडचं दिसतं, बोलता येतं, फक्त हद्द कळते. बाग, चौक, स्टेशन असल्या जागा तर कुणा दोन घरांना वाटून देताच येत नाहीत, तिथे ब्रायंट पार्कचाच मार्ग, की इतकी माणसं येऊ द्या की जागा आपोआप राखली जाईल.

"प्रुइट-आयगो पैशामुळे बुडालं, नकाशामुळे नाही"

ह्यात पुष्कळ तथ्य आहे. वसाहतीची देखभाल भाडेकरूंच्या भाड्यातून करायची असं ठरलेलं होतं. पण सेंट लुइस शहरच रिकामं होत होतं, भाडेकरू घटले, भाडं घटलं, दुरुस्ती थांबली, म्हणून आणखी लोक गेले. बांधकामात पण कात्री लावलेली, कड्या-कुलपं स्वस्तातली, तळमजल्यावर शौचालयच नाही, मग खाली खेळणारं पोर अकरा मजल्यांच्या इमारतीत लिफ्टची वाट बघत बसणार की... लिफ्टमध्ये वास का यायचा त्याचं हे एक उत्तर. त्या मुलाला कुणी जंगली म्हटलं असेल, खरंतर ते फक्त लहान होतं.

मी हे असं जोडते: नकाशा वाईट असेल तर देखभालीला जास्त पैसा लागतो, आणि वाईट नकाशा बहुतेक वेळा पैसे वाचवायलाच काढलेला असतो. मग ज्यांच्याकडे सगळ्यात कमी पैसा त्यांनाच सगळ्यात महाग राखायची इमारत मिळते.

बरं, आमच्या बल्बचं काय झालं

एलिनोर ऑस्ट्रॉम ह्यांना २००९ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, सामायिक कुरणं, पाणी, मासेमारी लोक स्वतः मिळून कशी सांभाळतात ह्या अभ्यासासाठी. सगळ्यांचं ते कुणाचंच नाही असं व्हायलाच पाहिजे असं नाही हे त्यांनी दाखवलं. हद्द स्पष्ट पाहिजे, नियम वापरणाऱ्यांनीच ठरवलेले पाहिजेत, लक्ष ठेवणारे त्यांच्यातलेच पाहिजेत.

आमच्या सेक्रेटरींनी नोबेल वगैरे काही वाचलेलं नाही. दीड महिन्यानंतर एका रविवारी त्यांनी बल्ब आणून लावला आणि स्विचबोर्डवर मार्करने लिहिलं, "हा बल्ब: पहिला मजला". बस. त्यानंतर दोनदा गेला, दोन्ही वेळा दुसऱ्या दिवशी चालू. आता पहिल्या मजल्यावाल्यांचं म्हणणं आहे की वर्षभर आम्हीच का, मजल्यांची पाळी लावा. त्यावर येत्या रविवारी मीटिंग आहे, आणि मी तो खोक्यातला बल्ब बरोबर घेऊन जाणार आहे.